पातळ थर, जाड अहवाल

एप्रिल-मे महिना आला की महाविद्यालयांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी उसळते. एम.एस्सी. भौतिकीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प-अहवाल बांधणीला आलेले असतात. काळे किंवा मरून रंगाचे रेक्झिन, त्यावर सोनेरी अक्षरे, आत साठ-सत्तर पाने. पुस्तक छापले की त्याचे परीक्षण येते, नाटक लागले की चार लोक त्यावर बरेवाईट लिहितात. हे अहवाल मात्र तोंडी परीक्षेच्या दिवशी अर्धा तास उघडतात आणि मग विभागाच्या कपाटात जातात, ते कायमचेच. बाह्य परीक्षक म्हणून आम्ही असे बरेच अहवाल वाचले आहेत. त्यांचे परीक्षण कोणीतरी करायला हवे असे वाटत होते, म्हणून हा प्रयत्न.

आम्ही इथे फक्त द्रव्यविज्ञानातल्या प्रकल्पांविषयी बोलत आहोत. (आमच्या पिढीला शाळेत सबंध भौतिकीलाच 'पदार्थविज्ञान' म्हणत. आज खरोखर पदार्थांचा अभ्यास करणारी शाखा पुढे आली, तेव्हा ते नाव आधीच खर्ची पडलेले होते!) विशेष करून पातळ थर आणि नॅनोकण हे आमचे लक्ष्य आहे, कारण आमच्यासमोर येणाऱ्या दहा अहवालांतले सहा-सात याच विषयांचे असतात.

हा विषय निवडण्यात गैर काही नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. कॅडमियम सल्फाइडचा थर काचेवर बसवायला निर्वात पंप लागत नाही. चंचुपात्र, सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या, गरम पाणी, कॅडमियमचा एखादा क्षार, थायोयुरिया आणि अमोनिया एवढ्यावर काम होते. अमोनिया कॅडमियमच्या आयनांना धरून ठेवतो आणि थोडेथोडेच मोकळे सोडतो. थायोयुरिया सावकाश गंधक पुरवतो. सत्तर-ऐंशी अंश सेल्सिअसला अर्ध्या-पाऊण तासात काचेवर पिवळा, चकचकीत थर चढतो. सौर घटांच्या काही प्रकारांत असाच थर वापरतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने रासायनिक पद्धतीच्या थरांवर जे काम केले, त्यामुळे आपल्याकडच्या अनेक लहान महाविद्यालयांना आपणही संशोधन करू शकतो हा धीर आला. तेव्हा कृती स्वस्त आहे हा दोष नव्हे. दोष पुढे आहे.

अहवालाचे पहिले प्रकरण बहुधा रिचर्ड फाइनमन यांच्या १९५९ च्या व्याख्यानाने सुरू होते. दुसऱ्या प्रकरणात ज्या उपकरणांना विद्यार्थ्याने हात लावलेला नाही त्यांची आकृत्यांसह माहिती असते. तिसऱ्यात पाककृती, चौथ्यात आलेख. पाचव्यात एक पानाचा निष्कर्ष, आणि त्यात हा पदार्थ सौर घट, वायुसंवेदक व कर्करोगाचा उपचार या तिन्हींसाठी उपयुक्त ठरेल असे भाकीत. पहिली दोन प्रकरणे आम्ही आता चाळतोदेखील नाही. एका वर्षी दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांच्या अहवालांत दुसऱ्या प्रकरणातली शुद्धलेखनाची चूकसुद्धा एकच होती. खरी परीक्षा चौथ्या प्रकरणाची, म्हणून तिथेच थांबून पाहू.

चौथ्या प्रकरणात एक वाक्य हमखास सापडते: 'शेरर यांच्या सूत्रानुसार कणांचा आकार २०.८९ नॅनोमीटर आला.' हे सूत्र पॉल शेरर यांनी १९१८ मध्ये मांडले. त्यामागची कल्पना बारावीच्या मुलालाही समजेल अशी आहे. विवर्तन जाळीवर रेघा जितक्या जास्त, तितकी वर्णपटातली रेषा बारीक. स्फटिकातले अणूंचे थर म्हणजे क्ष-किरणांसाठी जाळीच्या रेघाच. स्फटिक लहान असला की रेघा कमी, म्हणून विवर्तनाचे शिखर रुंद. ०.९ ला क्ष-किरणांच्या तरंगलांबीने गुणायचे आणि शिखराची रुंदी गुणिले कोनाचे कोसाइन याने भागायचे, की आकार मिळतो. तांब्याच्या लक्ष्यापासून निघणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर आहे. झिंक ऑक्साइडचे सर्वांत उंच शिखर ३६.२५ अंशांना येते. त्याची रुंदी ०.४० अंश असेल तर उत्तर २०.८९ येते. गणित बरोबर आहे.

पण किराणा दुकानदार तेल मोजताना आधी भांड्याचे वजन वजा करतो. क्ष-किरण यंत्राचेही असे एक भांडे असते. कण कितीही मोठे असोत, यंत्र स्वतःच प्रत्येक शिखराला काही रुंदी देते. महाविद्यालयांना ज्या प्रकारची यंत्रे उपलब्ध होतात त्यांत ती साधारण ०.१ अंशाच्या आसपास असते. ती सरळ वजा केली तर वरचेच शिखर २८ नॅनोमीटर सांगते. वर्गांची वजाबाकी केली तर साडेएकवीस. कोणती वजाबाकी योग्य, हे शिखराच्या आकारावर ठरते. स्फटिकात ताण असेल तर त्यानेही शिखर रुंदावते, त्याचा हिशेब वेगळा. सूत्रातला ०.९ हा आकडाही कणांच्या घडणीप्रमाणे थोडा बदलतो. म्हणजे प्रामाणिक उत्तर 'वीस ते तीस नॅनोमीटर' एवढेच आहे. दशांश चिन्हापुढचे आठ आणि नऊ हे दोन अंक गणकयंत्राने दिलेले आहेत, निसर्गाने नव्हे.

याहून गंमत पुढे आहे. बाजारातून आणलेल्या झिंक ऑक्साइडच्या बाटलीतली भुकटी घ्या. तिच्यातले स्फटिक नॅनोमीटरच्या नव्हे तर मायक्रोमीटरच्या घरातले आहेत असे समजा. त्यांचे शिखर जवळजवळ यंत्राच्याच रुंदीचे, ०.१ अंशाचे येईल. भांड्याचे वजन न वजा करता ते सूत्रात घाला. उत्तर येते ८४ नॅनोमीटर! शंभरच्या आत, म्हणजे 'नॅनो' झालेच. या पद्धतीने कोणालाही नापास होता येत नाही. आम्ही एका विद्यार्थ्याला विचारले, 'तुमचा पदार्थ नॅनो नसता, तर तुम्हांला ते कसे कळले असते?' तो बराच वेळ गप्प राहिला. त्याचा दोष नव्हता. दोन वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. पण जे मोजमाप नकार देऊच शकत नाही, त्याच्या होकाराला किंमत किती?

दुसरे ठरलेले वाक्य ऊर्जा-फटीचे, ज्याला विद्यार्थी 'बँड गॅप' म्हणतात. इथे जान टाउत्स या चेक भौतिकीज्ञाच्या नावाचा आलेख काढायचा, त्याचा सरळ भाग पट्टीने खाली वाढवायचा आणि पट्टी अक्षाला जिथे भेटेल तो आकडा लिहायचा. टाउत्स यांनी १९६६ मध्ये ही रीत अस्फटिकी जर्मेनियमसाठी वापरली होती. पुढे घातांक बदलून ती सगळ्याच अर्धवाहकांना लावू लागले. पट्टी कुठे टेकवायची हे पाहणाऱ्यावर असते. एकाच आलेखावर आम्ही आणि अंतर्गत परीक्षकांनी स्वतंत्रपणे रेघा मारल्या, तेव्हा उत्तरांत एक दशांश इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक पडला. आणि अहवालात याहून लहान फरकावर 'कणांचा आकार घटल्याने ऊर्जा-फट वाढली' असा सिद्धांत उभा होता!

हेच काम डोळ्यांनीही करता येते, हे कुणाच्या लक्षात येत नाही याचे आम्हांला नवल वाटते. कॅडमियम सल्फाइडची ऊर्जा-फट सुमारे २.४२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. १२४० ला तिने भागले की ५१२ नॅनोमीटर येतात. याहून कमी तरंगलांबीचा प्रकाश, म्हणजे जांभळा आणि निळा, थर गिळतो. उरलेला आपल्याला पिवळा दिसतो. जुन्या सीडीवर दिव्याचा वर्णपट पाडा आणि मध्ये ती काचपट्टी धरा. वर्णपटाचे निळे टोक कापल्यासारखे नाहीसे होते. परीक्षेला आलेल्या एकाही मुलाने आपला थर पिवळाच का, हे अहवालात लिहिलेले आम्ही पाहिले नाही. आलेख होता, रंग नव्हता.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत गंभीर वाटते. क्ष-किरण आलेखातली शिखरे प्रमाणित तक्त्याशी जुळवतात. (या तक्त्यांना मुले अजून 'जेसीपीडीएस' म्हणतात. त्या संस्थेने नाव बदलले त्याला १९७८ पासून चार दशकांहून अधिक काळ लोटला!) सात शिखरे जुळतात, दोन जुळत नाहीत. अहवालात सातांवर क्रमांक घातलेले असतात आणि दोन मुकाट्याने उभी असतात. विचारले की उत्तर येते, 'सर, ती अशुद्धी आहे.' कोणती अशुद्धी? किती? तिच्यामुळे बाकीची मोजमापे बिघडली का?

हे प्रश्न परीक्षकाची खोड म्हणून विचारलेले नाहीत. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका गटाने 'एलके-९९' हा शिसे, तांबे, फॉस्फरस व ऑक्सिजनचा पदार्थ नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला अतिवाहक असल्याचे जाहीर केले. सुमारे १०४ अंश सेल्सिअसला त्याचा विद्युत रोध एकदम घसरत होता. एक तुकडा चुंबकावर अर्धवट तरंगतही होता. जगभर खळबळ उडाली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेक ठिकाणी तो पदार्थ बनवून पाहिला गेला, अतिवाहकता काही सापडली नाही. ऑगस्टमध्ये उलगडा झाला. त्या कृतीत कॉपर सल्फाइड आपोआप तयार होते, आणि नेमके १०४ अंशांच्या आसपास त्याची अंतर्रचना बदलून रोध उडी मारतो. ही माहिती कितीतरी वर्षे छापील स्वरूपात उपलब्ध होती. तरंगण्याचे श्रेयही नमुन्यातल्या साध्या लोहचुंबकी भागाकडे गेले. श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेने गंधकाला टाळून शुद्ध स्फटिक वाढवले, तर ते जांभळट, पारदर्शक आणि चक्क विद्युतरोधक निघाले. मुकाट्याने उभ्या असलेल्या शिखरांची चौकशी करायची असते ती यासाठी.

आता एका विद्यार्थिनीविषयी. गाव आणि महाविद्यालय सांगत नाही. तिचा अहवाल इतरांसारखाच होता, कॅडमियम सल्फाइडचा, बेताचा. तोंडी परीक्षा संपता संपता आम्ही सहज विचारले, 'पहिल्याच प्रयत्नात थर बसला का?' ती हसली आणि पिशवीतून दोनशे पानी वही काढली. पहिले पाच प्रयत्न फसले होते. थर भुकटीसारखा बसे आणि पाण्याखाली धरला की निघून जाई. तिने प्रत्येक प्रयत्नाची तारीख, वेळ, पाण्याचे तापमान, एवढेच नव्हे तर द्रावण कितव्या मिनिटाला पिवळे झाले तेही लिहिले होते. फसलेल्या प्रयत्नांत द्रावण फार लवकर पिवळे होत होते. म्हणजे कॅडमियम एकदम मोकळा होत असला पाहिजे. म्हणजे त्याला धरून ठेवणारा अमोनिया कमी पडत असला पाहिजे. पण माप तर तेच होते! मग तिच्या लक्षात आले की बाटलीला वास पूर्वीसारखा येत नाही. बूच सैल होते आणि महिन्याभरात अमोनिया उडून गेला होता. बाटलीवरच्या चिठ्ठीवर अर्थातच २५ टक्के लिहिलेले होते. नवी बाटली फोडली आणि सहावा, सातवा थर नीट बसला. पण ती तेवढ्यावर थांबली नाही. आठव्या वेळी तिने मुद्दाम पुन्हा जुनी बाटली वापरली, आणि थर पुन्हा निघाला.

हे सारे अहवालात का नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, 'सर म्हणाले, फसलेले लिहू नको, मार्क जातात.'

आमच्या मते त्या वर्षी त्या विभागात झालेले खरे संशोधन एवढेच होते. शंका, तिची कारणे, एकच गोष्ट बदलून घेतलेली चाचणी आणि शेवटी उलट चाचणी, सगळे त्यात होते. गुणपत्रिकेत मात्र रकाने होते ते साहित्य-आढावा, मांडणी, निष्कर्ष आणि सादरीकरण यांचे. वहीला रकाना नव्हता. तिला इतरांइतकेच गुण पडले, आणि त्या कागदावर सही आमचीही आहे. ही गोष्ट आम्हांला अजून टोचते.

तिच्या मार्गदर्शकांवर आम्ही रागावलो नाही. आठवड्याचे तास भरून उरलेल्या वेळात त्यांच्याकडे बारा प्रकल्प होते. एकच मफल भट्टी. क्ष-किरण यंत्र दुसऱ्या शहरात, नमुना कुरियरने जायचा, पैसे नमुन्यागणिक आणि आलेख ई-मेलने परत. यंत्राची स्वतःची रुंदी काढायला एक प्रमाणित नमुना जास्तीचा लावावा लागतो. त्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न त्यांनी आम्हांला विचारला आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. (सर्व विद्यार्थ्यांच्या मिळून एक नमुना लावला तरी चालतो, हे आम्हांला परतीच्या गाडीत सुचले.)

मात्र एका बाबतीत आम्ही गप्प बसलो नाही. उरलेले द्रावण कुठे टाकता, असे विचारल्यावर सगळ्यांनी खोलीतल्या बेसिनकडे बोट दाखवले. कॅडमियम शरीरात गेला की मूत्रपिंडात साठतो आणि वर्षानुवर्षे निघत नाही. जपानमध्ये जिंझू नदीत खाणीचा कॅडमियम उतरून तिच्या पाण्यावरची भातशेती विषारी झाली. हाडे मोडेपर्यंत ठिसूळ करणाऱ्या 'इताई-इताई' या तिथल्या रोगाचे मूळ १९६८ मध्ये सरकारने अधिकृतपणे मान्य केले. ज्या अहवालात पदार्थाच्या उपयोगांना चार पाने आहेत, त्यात त्याच्या विल्हेवाटीला चार ओळी नसाव्यात? शाळांनी तर कॅडमियमच्या वाटेला मुळीच जाऊ नये.

मग करावे काय, असे शिक्षक विचारतील. महाग पदार्थ किंवा यंत्र नको, पण ज्याचे उत्तर 'नाही' असेही येऊ शकते असा प्रश्न हवा. १९८७ मध्ये ९३ केल्विनला अतिवाहक होणारा इट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइड सापडला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या गिलरॉय इथल्या हायस्कूलच्या मुलांनी आयबीएमच्या पॉल ग्रँट यांच्या मदतीने तो बनवला. भुकट्या घोटायच्या, भट्टीत भाजायच्या, ऑक्सिजन द्यायचा आणि गोळी द्रव नायट्रोजनमध्ये थंड करायची. चुंबक तरंगला तर जमले, नाही तरंगला तर कुठे चुकले ते शोधायचे. तिथे दशांश चिन्हाला वाव नाही. भट्टी आणि रसायने एखाद्या महाविद्यालयाने पुरवली तर आपल्याकडे यातले काही अशक्य नाही. द्रव नायट्रोजन म्हटला की आपण परदेशातल्या प्रयोगशाळा आठवतो, पण जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो आपल्या तालुक्यातालुक्यांत पोचलेला आहे.

आणखी साधा प्रश्न हवा असेल तर झिंक ऑक्साइडचाच घ्या. ही पांढरी भुकटी परीक्षानळीत तापवली की पिवळी होते, थंड केली की पुन्हा पांढरी. अनेक पुस्तके सांगतात की तापवल्यावर थोडा ऑक्सिजन निघून जातो आणि मागे राहिलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे रंग येतो. विद्यार्थी हे पाठ करतात. पण तापमान वाढले की अर्धवाहकाची ऊर्जा-फट आपोआपच अरुंद होते, हेही त्यांना दुसऱ्या तासाला शिकवलेले असते. ती पुरेशी अरुंद झाली की जांभळा प्रकाश शोषला जाईल आणि ऑक्सिजन न जाताही भुकटी पिवळी दिसेल. मग यांतले खरे कोणते, की दोन्ही थोडेथोडे? ऑक्सिजन जात असेल तर भोवतालचा वायू बदलल्यावर रंगात फरक पडला पाहिजे. नुसती ऊर्जा-फट अरुंद होत असेल तर रंग फक्त तापमानाप्रमाणे चालला पाहिजे, हवेत तापवा की ऑक्सिजनमध्ये. जस्ताच्या वाफेत तापवलेले झिंक ऑक्साइड थंड झाल्यावरही रंगीत राहते, ही गोष्ट कोणत्या बाजूची साक्ष देते? शाळेतली मुले नवसागर किंवा गंधक यांच्या नादी न लागता नुसती शुद्ध भुकटी, बर्नर आणि तापमापक युग्म घेऊन यातला पहिला भाग करू शकतात. एम.एस्सी.चा विद्यार्थी त्यापुढे शोषणाची मोजमापे घेऊन सबंध वर्ष घालवू शकतो.

हे सारे आत्ताच लिहायचे कारण म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याने हा प्रकार आता पदवीच्या वर्गात आणला आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधन घेता येते आणि त्यात प्रकल्पाला १२ श्रेयांक आहेत. म्हणजे मुले वीस-एकवीस वर्षांची, प्रकल्प अधिक, आणि मार्गदर्शक बहुधा तेच. अहवालाचा साचा त्यांच्या हाती तयार पडणार आहे.

आमच्यापुरते आम्ही एक केले. पुढच्या वर्षी परीक्षेचे पत्र आले तेव्हा उत्तरात एक ओळ जास्त लिहिली: विद्यार्थ्यांनी अहवालाबरोबर प्रयोगाची मूळ वही, आहे त्या स्थितीत, आणावी. चौदा विद्यार्थी होते. पाच जणांकडे वही होती. त्यांपैकी दोन आदल्या रात्री एकाच शाईने लिहिलेल्या होत्या. उरलेल्या तीन वाचायला आम्हांला दुपारचे जेवण चुकवावे लागले.